‘फिनिश्ड’ दिसलं म्हणून जॉब कामाचा ठरत नाही

सॅप या कंपन्यांचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचा, म्हणजे जॉबांचा, आढावा कसा घ्यावा यावरच्या लेखातलं ‘जो जॉब रोज बिनचूक पूर्ण होतो त्याच्या आढाव्यात वेळ घालवू नका’ हे वाक्य मला अजिबात पटलं नाही. सॅपमध्ये एसएम ३७ ही जॉबांची यादी दाखवणारी स्क्रीन उघडल्यावर ‘फिनिश्ड’ दिसतं, त्याचा अर्थ प्रोग्रॅम मध्येच कोसळला नाही एवढाच. एकही नोंद न सापडता संपलेला जॉबसुद्धा तिथे फिनिश्डच असतो. इथे बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, एक्साइजचं आरजी-१ रजिस्टर (रोजच्या उत्पादनाची आणि साठ्याची नोंद) काढणारा रात्रीचा जॉब १ जुलै २०१७ ला जीएसटी येऊन त्या रजिस्टरची गरज संपल्यानंतरही कित्येक महिने इमानेइतबारे चालत होता. फेल झालेल्या जॉबांची यादी कितीही चाळली असती तरी तो सापडला नसता. अकाउंट्समध्ये जाऊन ‘हा रिपोर्ट बघतं कोण?’ असं विचारलं, तेव्हा कुठे उलगडा झाला.

जॉब कोणाच्या यूजर आयडीवर चालतो, हा मुद्दा तर लेखात आलाच नाही. माणूस नोकरी सोडून जातो, आयडी लॉक केला की त्याचे जॉब पडतात, म्हणून आयडी उघडाच ठेवला जातो. हे फार धोक्याचं आहे! जॉबांसाठी वेगळा सिस्टीम यूजर, म्हणजे कोणा एका माणसाचा नसलेला आयडी हवा, त्याला गरजेपुरतेच अधिकार हवेत. आणि नको असलेला जॉब लगेच डिलीट करू नये. आधी नुसता थांबवावा, निदान एक मंथ-एंड जाऊ द्यावा. वार्षिक हिशेबाशी संबंध असेल तर मार्चअखेर उलटेपर्यंत थांबावं.