वळताना कट्-कट्

नाशिकमध्ये गाडीला आवाज यायला लागला तर तो चारचौघांत बोलून दाखवू नये. सातपूर आणि अंबड या दोन एमआयडीसींच्या कृपेने आमच्या सोसायटीतल्या निवृत्त मंडळींपैकी निम्म्यांची हयात गाडीचा कुठला ना कुठला भाग बनवण्यात गेली आहे. आणि आपण जो भाग बनवला, बिघाड नेमका त्यातच असणार, यावर प्रत्येकाची गाढ श्रद्धा आहे.

आमची गाडी वळताना पुढून कट्-कट् वाजायची. सरळ रस्त्यावर अगदी गुणी बाळ. हे मी पार्किंगमध्ये बायकोला सांगत होतो, तर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून निदान आलं, "नोझल!" हे काका मायको कंपनीचे, तिथे नोझल बनवायचे.

"काका, नोझल डिझेलला ना? आपली पेट्रोल आहे."

"मग इंजेक्टर," काका म्हणाले आणि आत गेले. निदान बदलत नाही, फक्त इंधन बदलतं.

पिस्टनवाल्या काकांनी लिफ्टमध्येच फोर-स्ट्रोक उरकलं. मिश्रण आत ओढायचं, दाबायचं, पेटवायचं, धूर बाहेर टाकायचा. "ओटोनं १८७६ साली चालवून दाखवलंय हे! क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कुठे एकदा स्फोट होतो. चारांतला एकच स्ट्रोक काम करतो, बाकीचे तीन त्याच्या जिवावर. आमच्या डिपार्टमेंटसारखंच." लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली म्हणून मी सुटलो. तोवर क्लचवाल्यांनी खाली जाहीर करून टाकलं होतं, की हा माणूस द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी रांगवतो, प्लेट घासून जळणार नाही तर काय! (रांगवतो, हे खरं आहे. द्वारकेला दुसरं काय करतात?)

खरी शिकवणी झाली रविवारी, मिसळीवर. बायकोचे मामा गिअर कटिंगमधले. त्यांनी माझ्या पुढ्यातले दोन पाव उचलले, चमच्याच्या दोन टोकांना एकेक खोचला आणि ही जोडी रश्श्याच्या वाटीभोवती फिरवायला लागले. "बघा जावईबापू, आतल्या चाकाला रस्ता कमी, बाहेरच्याला जास्त. दोघं एकाच दांड्याला घट्ट बसवले तर वळताना एक घसटत जाणार." बाहेरचा पाव खरोखरच घसटत जाऊन तर्रीत बुडाला. "म्हणून मध्ये डिफरन्शियल. इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना देतो आणि वळणावर ज्याला त्याला आपापल्या वेगाने फिरू देतो. तुमचा तोच वाजतोय. कधी वाजतो? वळताना!" युक्तिवाद बिनतोड होता. मला तो मनापासून पटला. मग मामांनी दोन्ही चाकं खाऊन टाकली.

मी डिफरन्शियलच्या खर्चाची मानसिक तयारी करून गॅरेजला गेलो. तिथला मिस्त्री पंचविशीचा, एका कानात इअरफोन. माझं फोर-स्ट्रोकपासूनचं निवेदन त्याने दुसऱ्या वाक्यालाच थांबवलं.

"स्टेअरिंग एका बाजूला फुल्ल मारा आणि हळूहळू गोल फिरवा."

मी गोल फिरलो. कट्-कट्-कट्. त्याने हात करून थांबवलं, पुढच्या चाकामागे हात घातला आणि काळीकुट्ट बोटं माझ्यासमोर धरली.

"एक्सलचा बूट फाटलाय, दादा."

पुढचं चाक फिरतंही आणि वळतंही, म्हणून एक्सलच्या टोकाला एक सांधा असतो. त्यावर घड्याघड्यांची रबरी टोपी, आत ग्रीस. टोपी फाटली, ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला बसलं, त्याच्या जागी धूळ गेली आणि सांधा झिजून वाजायला लागला. सांधा आणि बूट बदलून गाडी संध्याकाळपर्यंत तयार.

रात्री पार्किंगमध्ये निकाल जाहीर केला, तेव्हा सगळे गप्प झाले. एक्सलचा बूट आमच्या सोसायटीत कुणीच बनवलेला नव्हता. मामांनी फोनवर "डिफरन्शियलच्या शेजारीच असतो तो," असं म्हणून निम्मे मार्क पदरात पाडून घेतले.

मी वर निघालो, तर बी विंगमधले एक आजोबा काठी टेकत पुढे आले. आयुष्यभर वंगणाच्या धंद्यात होते म्हणे.

"ते सगळं ठीक आहे. ग्रीस कुठलं भरलं?"