पायाळू आहे का कोणी?

मे महिन्यात नांदेडात सगळा संसार कूलरभोवती फिरतो. पारा 43 वर गेला त्या दुपारी आमच्या कूलरने मान टाकली. मिस्त्री फोनवर म्हणाला, "मोटार गेली असंल. दुकानावर आणून टाका." कूलर लोखंडी आहे आणि सासरहून आलेला आहे, त्यामुळे त्याच्या वजनाबद्दल घरात बोलता येत नाही. मी बाह्या सारल्या, वाकलो, कूलरला मिठी घातली, उचलला, आणि कमरेत ते झालं.

'ते' म्हणजे काय, हे मला सांगता येईना. मी 26 वर्षं शाळेत मराठी शिकवतो. समास सोडवतो, अलंकार ओळखतो, शब्दसंपत्ती वाढवा म्हणून पोरांच्या मागे लागतो. आणि बायको "अहो, काय झालं?" विचारत असताना मी काटकोनात उभा राहून म्हणत होतो, "काहीतरी झालं."

"काहीतरी म्हणजे? लचकलं? गोळा आला? मुंग्या आल्या?"

"तसंच. पण तसं नाही."

"आणि म्हणे मराठीचे सर," बायको कूलरला म्हणाली.

मेहुण्याने डॉक्टर लेन सुचवली. नांदेडची डॉक्टर लेन नावाला जागणारी आहे, हाडांचे, कानांचे, डोळ्यांचे, मेंदूचे असे सगळे तिथे भेटतात. पण तिथे जायचं तर आपलं नेमकं काय बिघडलंय याची थोडीफार खात्री लागते. गल्लीतल्या डॉक्टरकडे नुसतं 'बरं वाटंना' एवढ्या भांडवलावर जाता येतं. म्हणून संध्याकाळी ऊन उतरल्यावर, तसाच काटकोनात, मी इतवाऱ्याकडच्या आमच्या नेहमीच्या दवाखान्यात गेलो.

हा दवाखाना म्हणजे एक शटर, तीन बाकडी, एक पंखा आणि पडद्यामागे डॉक्टर. टोकन वगैरे भानगड नाही. आल्यावर चप्पल भिंतीकडेला ओळीत लावायची. पुढचा आत गेला की कंपाउंडर चाचा पायाने सगळ्या चपला एकेक घर पुढे सरकवतात. ही पद्धत पंधरा वर्षांत कधी बिघडली नव्हती. मला वाकता येईना म्हणून मी चप्पल पायातूनच भिरकावली. ती चौथ्या नंबरावर जाऊन पडली.

"ओ मास्टरसाब, ये क्या तरीका है?"

"कंबर वाकत नाही हो."

"कमर नहीं झुकती, नंबर बराबर झुकता!"

चाचांनी माझी चप्पल उचलून सतराव्या जागी ठेवली. सतरा नंबर लागेपर्यंत उभं राहायचं होतं, कारण बसलो तर उठता येणार नव्हतं. मी भिंतीवरच्या पोलिओच्या पोस्टरला टेकलो आणि बघत राहिलो. माणूस निरोगी असताना दवाखाना नीट बघत नाही.

आमचं गाव असं आहे की एका बाजूला तेलंगण लागलेलं, मधून गोदावरी, गुरुद्वाऱ्यामुळे अर्धा पंजाब वर्षभर येऊन-जाऊन, रेल्वेचा विभाग इथला पण झोनचं मुख्यालय सिकंदराबादला. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. संस्थान गेलं, बोली इथेच राहिली. 'दवाखाना' हा शब्द तरी कुठे आपला आहे? फारसी. त्यात बसलेले रुग्ण पाच भाषांचे, पाटी मराठीत, औषधाची चिठ्ठी इंग्रजीत, आणि डॉक्टरांचं अक्षर कोणत्याच भाषेत नाही.

डॉक्टर मूळचे परभणीकडचे. वैद्यकी शिकले इंग्रजीतून, आणि इथे दुकान मांडल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांच्या लक्षात आलं की या भागात इंग्रजीत कोणालाच काही दुखत नाही. लोकांच्या अंगात कसर येते. पोटात गुबारा धरतो. जीव कलकल करतो. डोस्कं भणभणतं, पिंडऱ्या वळतात, तळपायाची आग होते, छातीत कसंनुसं होतं. देगलूर नाक्याकडून आलेल्या खाला सांगतात, "दिल में घबराट होरी, हात-पावां कांप रे, कायकू की क्या मालूम." डॉक्टर हे सगळं ऐकून घेतात आणि कागदावर इंग्रजीत एकच शब्द लिहितात. खालांना वाटतं, आपण एवढं सांगितलं आणि यांनी एवढंसंच लिहिलं.

त्या दिवशी पडदा अर्धा उघडा होता. धर्माबादकडची एक बाई पोट धरून आत गेली. "कडुपु नोप्पी," ती म्हणाली. डॉक्टरांनी ऐटीत विचारलं, "एन्नि रोजुलु?" म्हणजे किती दिवस झाले. डॉक्टरांना तेलुगू येतं अशी बाईची समजूत झाली आणि तिने लग्नापासूनची हकिगत सुरू केली. डॉक्टरांचं तेलुगू तेवढंच होतं. ते दोन मिनिटं मान डोलावत राहिले, मग हाक आली, "चाचा!"

चाचा हा या दवाखान्याचा शब्दकोश आहे. तेलुगू, दखनी, मराठी, कामापुरती पंजाबी, आणि तांड्यावरच्या बायांशी बोलायला थोडी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली. शाळेची पायरी किती चढले विचारू नका. गोळ्यांच्या पुड्या तेच बांधतात आणि पुडीवर अक्षर काढत नाहीत; सकाळच्या पुडीवर सूर्य, रात्रीच्या पुडीवर चंद्रकोर. ज्याला वाचता येत नाही त्याचंही अडत नाही. अडलं ते एकाच आजीचं. तिने पुडी निरखून विचारलं, "अवसंला चंद्र नसतोय की वो, मंग त्या दिशी गोळी नाई घ्यायची?"

आणि चंद्राची भानगड इथेच संपत नाही. वजीराबादेतल्या एक जैन आजी सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत, तर रमजानमध्ये चाचांचे स्वतःचे भाऊबंद सूर्य मावळल्याशिवाय घेत नाहीत. एकाच चंद्राची पुडी एकीला चालत नाही आणि दुसऱ्याला तीच लागते. त्या महिन्यात डॉक्टर दिवसातून तीनदाचं औषध काढून, जमेल तिथे, दोनदाचं देतात, एक सहेरीला, एक इफ्तारनंतर. कॅप्सूलचं आणखी वेगळं. तिचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावराच्या हाडाकातड्यापासून करतात. शेठजी विचारतात, "डॉक्टरसाहेब, ही शाकाहारी आहे ना?" त्यांच्या मागचे हाजीसाहेब विचारतात, "किस जानवर का है?" प्रश्न दोन, कारणं दोन, डॉक्टरांचं उत्तर एक: "गोळी लिहून देतो." गोळीबद्दल अजून कोणी काही विचारलेलं नाही. विचारू नये, देवा.

बाराव्या नंबरला मुखेडकडच्या तांड्यावरून लेकीकडे आलेली एक म्हातारी याडी, म्हणजे बंजाऱ्यांची आई, होती. दोन्ही हातांत मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत बलिया, म्हणजे बांगड्या. बीपीचा पट्टा बांधायला इंचभर जागा नाही. डॉक्टरांनी पट्ट्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं. शेवटी चाचांनी नळाखाली साबण लावून एका हाताच्या बलिया उतरवायला सांगितल्या. त्याला वीस मिनिटं लागली. नळाशी झालेल्या त्या झटापटीनंतर बीपी घेतलं ते अर्थातच चढलेलं निघालं, म्हणून तिला पंखा लावून आणखी पंधरा मिनिटं बसवलं. माझी कंबर तोपर्यंत नव्वद अंशांवरून सत्तर अंशांवर आली होती.

बाकड्यावर शुगरवाल्यांची बैठक होती. आमच्या भागात शुगर सांगायची पद्धत बोर्डाच्या मार्कांसारखी आहे. "माझी 240." "240 काय घेऊन बसलाव! आमच्या भाऊची 380." सगळे 380 वाल्याकडे आदराने बघतात. शेजारच्या लातुरात असतं तर त्याचा फोटो चौकात लागला असता.

एवढ्यात कोणाचं तरी माझ्याकडे लक्ष गेलं.

"काय झालं वो सर? असं काऊन उभारलाव?" मुदखेडकडच्या एक आजी होत्या, तोंडात पान.

"कमरेत... म्हणजे असं आतून... वाकलो की एकदम..."

"उसण भरली की वो!" आजी म्हणाल्या.

उसण! तो शब्द ऐकला आणि दुखणं बाजूला राहून मला रडूच यायचं बाकी राहिलं. माझी आजी हजार वेळा म्हणायची हा शब्द. 26 वर्षं मराठी शिकवून मी तो कुठे ठेवून आलो होतो कोण जाणे. पण आजींचा आवाज मोठा होता आणि दवाखाना लहान. बाकडं जागं झालं.

"नडुमु पट्टेसिंदि," रेल्वेतले एक रिटायर गार्ड म्हणाले, कमरेवर हात ठेवून.

"चमक मार गई बोलो ना," चाचा.

सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरकडून दर्शनाला आलेले एक बाबाजी गुडघ्यासाठी बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "चुक पै गई."

त्यांना घेऊन आलेला पोरगा इथलाच शीख, मराठी आमच्याहून फर्डी. त्याने भाषांतर केलं, "सर, बाबाजी म्हणूलालेत उसणच हाय."

निदानावर एकमत झालं. आता उपचार. आजी पान थुंकून आल्या आणि म्हणाल्या, "ह्याला डाक्टर कशाला? पायाळू माणसानं लाथ मारली की झालं."

पायाळू म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेला माणूस. मला वाटलं, हे आपल्याच लोकांचं खूळ, बाकीचे हसतील. कसचं काय. गार्डसाहेब म्हणाले, त्यांच्याकडेही उलट्या पायांनी जन्मलेल्याने तुडवलं की कंबर सुटते. बाबाजींनी दोन्ही हात वर करून सांगितलं की त्यांच्या पिंडातही, म्हणजे गावातही, हेच चालतं. चाचा म्हणाले, "उल्टा पैदा हुआ बच्चा होना, बस." पाणी, मंदिर-मशीद, क्रिकेट, कशावरही एकमत न होणारी ही मंडळी, मला लाथ घालावी या मुद्द्यावर एका मिनिटात एक झाली.

"पायाळू हाय का कुणी?" आजींनी आवाज दिला. चाचांनी तोच दखनीत दिला. गार्डसाहेबांनी तेलुगूत. मी पोस्टरला टेकून मनातल्या मनात नसावा, नसावा म्हणत होतो.

कोपऱ्यातून एक हात वर आला. वर्गात येतो तसा, बोट सरळ.

"सर, मी पायाळू हाय."

सातवी ब. परवाच्या निबंधात त्याला मी वीसपैकी नऊ दिले होते. विषय होता 'माझे आवडते शिक्षक'. त्याने पीटीच्या सरांवर लिहिला होता.

"हाव जी," त्याची आई कौतुकाने म्हणाली, "पायाकडूनच झालता. लई तरास दिलता."

मी नको नको म्हणालो, पण काटकोनातल्या माणसाचं कोण ऐकतं? मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. पोरगा संस्कारी. आधी माझ्या पाया पडला, मग दोन पावलं मागे गेला. ही दोन पावलं कोणी सांगितली नव्हती.

"एक," आजी म्हणाल्या. पहिली लाथ भीत भीत होती. "दो," चाचा. दुसरीत थोडा आत्मविश्वास आला. "मूडु!" गार्डसाहेब म्हणाले, आणि तिसऱ्या लाथेत ते उरलेले अकरा मार्क होते.

तेव्हाच पडदा सरकला. डॉक्टर दारात उभे होते. "सर, तुम्ही आत येणार आहात, की इथेच उरकलं?"

आत त्यांनी मला आडवं करून एकेक पाय सरळ वर उचलून बघितला. पायात मुंग्या येतात का, पाय बधिर होतो का, लघवीला काही त्रास आहे का, विचारलं. नाही म्हणालो. "मग काळजी नाही. झोपून राहू नका, हिंडतं-फिरतं राहा. शेक द्या. कूलर उचलू नका. यातली बहुतेक दुखणी काही आठवड्यांत आपली आपण बरी होतात."

"मग ती लाथ?"

"आपलं आपण बरं होणारं दुखणं, सर. त्या वेळी जो जवळ असेल त्याला यश जातं. कधी त्या पोराला, कधी मला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बाहेर बोलू नका. आणि पुन्हा लाथा खाऊ नका, एखाद्याला काही मोडलेलं असलं तर भारी पडायचं."

त्यांनी इंग्रजीत काहीतरी तीन शब्दांचं लिहिलं. मी म्हणालो, "मराठीत उसण म्हणतात."

"ते बाहेरून ऐकलं मी," डॉक्टर म्हणाले.

फी शंभर रुपये. सुई दिली नाही, हे बाहेर कळल्यावर बाकड्याची फार निराशा झाली. "सुई नाई? मंग काय इलाज केला?" 380 शुगरवाले तर मला परत आत पाठवायला निघाले होते. चाचांनी दोन पुड्या दिल्या, एक सूर्याची, एक चंद्राची. वाचता येणाऱ्या माणसालाही ते चित्रच देतात, भेदभाव नाही. घरी आलो. कंबर थोडी सैल झाली होती. लाथांनी झाली की लाथा थांबल्या म्हणून झाली, हे मी बायकोला सांगितलं नाही. तिला फक्त 'उसण' हा शब्द सांगितला. ती म्हणाली, "मग तेच तर म्हणत होते मी." ती तसं म्हणाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. दारात सातवी ब, अंघोळ करून, भांग पाडून, अनवाणी.

"सर, आजी म्हणल्या तीन दिवस मारावं लागतंय."

त्याच्या मागे वर्गातली आणखी चार पोरं उभी होती.

"हे कोण? हेपण पायाळू?"

"नाई सर," तो म्हणाला, "हे बघायला आलेत."