आमच्या काळ्या मातीत स्ट्रॉबेरी

घरी स्ट्रॉबेरी लावण्यावरचा लेख वाचला. त्यातलं बाकी सगळं पटलं, पण 'फेब्रुवारीत रोपं लावा' हे आमच्या यवतमाळकडं चालणार नाही भाऊ. रोप मूळ धरेस्तोवर इथं ऊन तापायला लागते. आम्ही दिवाळीनंतर, थंडी पडली की लावतो; मग जानेवारीत फळ दिसते.

दुसरं म्हणजे माती. स्ट्रॉबेरीला 5.5 ते 6.5 सामू (pH, म्हणजे माती किती आंबट ते) लागतो, पाणी निथळणारी जमीन लागते. आमची कपाशीची काळी माती पाणी धरून बसते आणि बहुतेक चुनखडीची, म्हणजे सामू जास्त. पहिल्या वर्षी मी अंगणातच वाफा केला, बारापैकी नऊ रोपं मुळं सडून गेली. बरं, त्यात चूक माझीही होती, रोपाचा गाभा, म्हणजे जिथून पानं फुटतात तो भाग, मातीखाली गाडला होता. तो वरच राहिला पाहिजे. आता जुन्या टोपल्यात अर्धा भाग चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी रेती, थोडी माती. रोपाखाली सोयाबीनचं कुटार (भुसा) अंथरलं की फळ मातीला टेकत नाही. विंटर डॉन जात बरी आली.

बुलबुलांपासून मात्र मच्छरदाणीच वाचवते. आणि खारी, त्यांचं काय करावं!

चिखलदऱ्याला जमते म्हणून आपल्यालाही जमेल असं कोणी धरू नये, तो थंड डोंगर आहे. एप्रिलनंतर रोपं निंबाच्या सावलीत ठेवून ओलं पोतं बांधतो. मागच्या उन्हाळ्यात पाच जगली, त्यांच्याच धावत्या, म्हणजे मातीवर पसरून मूळ धरणाऱ्या फांद्यांपासून यंदाची रोपं केली.