कंबर कसा, मग डॉक्टरकडे जा

कंबर धरलीय? तीन महिने झाले तरी सोडत नाही? अभिनंदन. ठाण्याच्या घोडबंदर रोडने रोज रिक्षातून स्टेशन गाठायचं आणि वर कंबरही शाबूत ठेवायची, हा त्या रस्त्याचा अपमान होता. तो आता भरून निघाला.

कंबरदुखीत मी तुम्हाला सीनियर आहे. जुलैपासून दुखतेय. गेल्या शनिवारी एका मोठ्या, काचेच्या, तळमजल्यावर कॉफी मिळणाऱ्या हॉस्पिटलात जाऊन व्यवस्थित उपचारांची तजवीज करून आले. अनुभव ताजा आहे तोवर चार गोष्टी सांगून ठेवते.

सगळ्यात आधी दुखणं जगजाहीर करा. सोसायटीची लिफ्ट त्यासाठी उत्तम. तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत मला तीन उपचार मिळाले: निर्गुडीच्या पाल्याचा शेक, कापसाची गादी, आणि गादी काढून फळी. सासूबाईंनी तर पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूसच शोधून काढला. पायाळू माणसाने लाथ घातली की उसण जाते, हे त्यांच्या मुरबाडला सिद्ध झालेलं आहे. पायाळू निघाले सी विंगमधले बँकेतून रिटायर झालेले काका. बिचारे दारातच अवघडले. शेवटी मोजे काढून, "वहिनी, माफ करा हं," म्हणत त्यांनी उजव्या पायाचा अंगठा माझ्या कंबरेला टेकवला आणि चहा घेऊन गेले. हसू नका. पाच महिन्यांत पट्टा आणि मशीन सोडलं तर माझ्या कंबरेला कोणीतरी काहीतरी लावलं, ते एवढंच.

नंतर पूर्ण विश्रांती घ्या. घरी दहावीतला मुलगा, सासूबाई आणि ८.५२ ची लोकल आहे, हे मात्र डॉक्टरांना सांगू नका, त्यांना उगाच वाईट वाटेल. अंथरुणाला खिळून कंबर बरी होत नाही, हे तसं जुनं झालं. १९८६ साली अमेरिकेत एका अभ्यासात काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना सात दिवस. दुखण्यात फरक पडला नाही, फक्त दोन दिवसवाल्यांचे कामावरचे खाडे कमी झाले. पण १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी त्याच दिवशी ठाण्याला पोचली म्हणून बातम्याही तशाच पोचाव्यात असं कुठे आहे?

पट्टा बांधा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये सांगून टाकलं की जुनाट कंबरदुखीत पट्टा नको, वजन लावून ताणायचं ट्रॅक्शन नको, शेकायचं अल्ट्रासाउंडचं मशीन नको. पण मेडिकलवाला म्हणतो, "ताई, लार्ज लागेल." आणि त्याचं दुकान जवळ आहे.

गोळ्याही त्याच्याचकडून घ्या, चिठ्ठी कशाला? डायक्लोफेनॅक हे नाव तुमच्या पाकिटावर असेलच. ते दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, गिधाडं जवळजवळ संपली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांना चालतं. महिनोन् महिने मनाने खाल्लं तर पोट आणि किडनी काय म्हणते ते मात्र बघा. सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी देतातच, म्हणजे मन शांत राहतं.

फिजिओथेरपीची दहा सिटिंग आगाऊ पैसे भरून घ्या. पडदा ओढतात, चार गार पॅड चिकटवतात, मशीन सुरू करतात आणि मुलगी पलीकडे जाऊन रील बघते. वीस मिनिटं मुंग्या येतात. एक व्यायाम शिकवला जात नाही. तिच्या डिओचा वास छान होता.

एमआरआय तर आधीच काढून ठेवा. डॉक्टर ती फिल्म उजेडाकडे धरतील आणि म्हणतील, "एल फोर-एल फाइव्हला गॅप आहे." आता कमरेतल्या या खालच्या दोन मणक्यांमध्ये गॅप असायलाच हवी, तिथेच चकती बसते, ती कमी झाली तर तक्रार. हे बोलून दाखवू नका. अजिबात कंबर न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय तपासणारे अभ्यास एकत्र करून २०१५ साली एक आढावा निघाला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि चाळिशीतल्या निम्म्या लोकांची चकती फुगलेली निघाली. म्हणजे लिफ्टमधल्या चौघांत दोघांना 'गॅप' आहे आणि ते मजेत वडापाव खातायत. हेही बोलून दाखवू नका.

आता मुख्य गोष्ट. हॉस्पिटलात जाताना मेडिक्लेमचं कार्ड न्या. कंबर घरी राहिली तरी चालेल.

मी साडेनऊला नंबर लावला. हाडांच्या ओपीडीबाहेर बसायला छिद्रांच्या पत्र्याच्या, मधोमध खोलगट खुर्च्या. कंबर दुखणारा माणूस त्यात बसला की गुडघे वर, कंबर खाली, आणि उठताना शेजाऱ्याचा खांदा. समोरचे आजोबा भिंतीला टेकून उभेच होते. "बसलं की उठता येत नाही," म्हणाले. काउंटरवरच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, "कॅशलेस आहे का?" दुसरा प्रश्न नव्हता.

पाऊण वाजता आत घेतलं. बारा पन्नासला मी बाहेर होते. त्या पाच मिनिटांत डॉक्टरसाहेबांनी फिल्म बघितली, एक फोन घेतला, फिल्म पुन्हा बघितली. माझ्याकडे बघितलं ते "वजन किती?" विचारताना. मग, "बायकांमध्ये हे असतंच. दोन दिवस अ‍ॅडमिट करू, मणक्यात इंजेक्शन देऊ. नाहीच फरक पडला तर सर्जरीचं बघू." अ‍ॅडमिट कशाला, विचारलं, तर शेजारच्या असिस्टंटनेच उत्तर दिलं, "मॅडम, चोवीस तास अ‍ॅडमिट असल्याशिवाय क्लेम बसत नाही." म्हणजे आजार कोणता, ते पॉलिसी बघून ठरणार.

मी म्हटलं, "सर, पाठ बघणार नाही का?"

"एमआरआयमध्ये सगळं दिसतं."

काय दिसतं हो? मी दिवसाचे नऊ तास कशी बसते ते दिसतं? दुखणं कमरेतच आहे की पायात उतरतं ते दिसतं? खोलीत तपासणीचा बाक होता. त्यावर फायलींचा ढीग. मला उताणं झोपवून पाय सरळ वर उचलून बघायला किती वेळ लागतो? टाचेवर चार पावलं, चवड्यावर चार पावलं चालवायला? अंगठ्यात जोर आहे का बघायला? लघवी-शौचावरचा ताबा सुटलाय का, जांघेत बधिरपणा आहे का, पाय लुळा पडत चाललाय का, ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, आधी कॅन्सर, कुठे पडलात का. या प्रश्नांना दोन मिनिटं लागतात. यातलं एक जरी 'हो' आलं तर धावपळ करायची, लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा सुटला असेल तर त्याच रात्री. सगळी 'नाही' आली तर सुईची घाई कशाला? कोणी विचारलंच नाही! मणक्यात सुई घालायला निघालेल्या माणसाने मणक्याला बोट लावलं नाही. सी विंगच्या काकांनी निदान अंगठा लावला होता.

आणि तुम्ही हसताय कसले? तुमचाही हातभार आहे यात. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी जुलैतच मला पालथं झोपवलं असतं, पाय उचलून बघितले असते आणि सांगितलं असतं की चालायला लाग, हे तीन व्यायाम रोज कर, सहा आठवड्यांनी ये. मला ठाऊक आहे, कारण माझ्या आईला त्यांनी नेमकं हेच सांगितलं होतं. आम्ही काय म्हणालो? "काहीच दिलं नाही. साधा एक्स-रे नाही. म्हातारे झाले आता." आणि आईला घेऊन मशीनवाल्याकडे गेलो. व्यायाम सांगणाऱ्याला शंभर रुपये द्यायला आपल्या जिवावर येतं आणि सुई टोचणाऱ्याच्या दारात तीन तास ताटकळतो. वर चार लोकांना सांगतो, मोठ्या डॉक्टरला दाखवलंय!

अ‍ॅडमिशनचा कागद मी सही न करता घरी आणला आहे. काल फोन आला, "मॅडम, अप्रूव्हल आलंय, कधी येताय?" येणार नाही. परवा नौपाड्याला जाणार आहे, डॉक्टर अजून सकाळी दोन तास बसतात म्हणे.

आणि हॉस्पिटलवाल्यांनो, त्या खुर्च्या बदला. लाज वाटायला हवी तुम्हाला. कॉफीच्या टेबलाशी सोफे, आणि कंबर दुखणाऱ्याला पत्र्याचा खड्डा! रस्त्यावर कमी आहेत का?