रॉस बार्न्सचा कापलेला पगार

बेसबॉलच्या जुन्या काळातले किस्से वाचायची मला खोड आहे. त्यात रॉस बार्न्सचं नाव निघालं की ठरलेलं वाक्य येतं: नियम बदलला आणि गडी संपला. मला हे अजिबात पटत नाही.

बार्न्स सेकंड बेसवर, म्हणजे धावणाऱ्याच्या वाटेवरच्या दुसऱ्या थांब्याजवळ, क्षेत्ररक्षण करायचा. १८७१ मध्ये बॉस्टन रेड स्टॉकिंग्ज संघात आला आणि १८७२ ते १८७५ ओळीने चार विजेतेपदं. १८७६ ला नॅशनल लीग ही व्यावसायिक संघांची नवी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तो शिकागोच्या संघाकडे. लीगमधला पहिलावहिला होमरन (एकाच फटक्यावर सगळे बेस घेऊन काढलेली धाव) त्याचाच, सिनसिनाटीत. हंगामाअखेर त्याची फलंदाजीची सरासरी .४२९ (म्हणजे दर हजार संधींत ४२९ यशस्वी फटके), दुसऱ्या नंबरवाल्याची .३६६. कुठे बरोबरी तरी आहे का?

त्याचं हुकमी अस्त्र म्हणजे ‘फेअर-फाऊल’. चेंडू असा दाबून मारायचा की पहिला टप्पा रेषेच्या आत पडावा आणि मग तो फिरून बाहेर पळावा. तेव्हा पहिला टप्पा आत म्हणजे चेंडू वैध. थर्ड बेसवाला उघड्या हातांनी (ग्लोव्ह्ज रुळायचे होते अजून) मैदानाबाहेर त्याच्यामागे धावतोय आणि बार्न्स आरामात बेसवर! याला लोक पळवाट म्हणतात. एकदा मारून बघा म्हणावं.

१८७७ ला असा चेंडू फाऊल, म्हणजे अवैध ठरला, हे खरं. पण त्याच वर्षी त्याला हुडहुडी भरवणाऱ्या तापाने धरलं. जेमतेम २२ सामने खेळला, अंगातली ताकद गेली. नियमाने फार तर फटके कमी होतील हो, सेकंड बेसवरची चपळाई कशी जाईल? तीही गेली होती.

आणि क्लबने काय करावं? आजारपणातला पगार कापला. ज्याच्या जिवावर आदल्या वर्षी लीग जिंकली, त्याचा! बार्न्स कोर्टात गेला आणि हरला. नियमबदलाचा किस्सा सगळे रंगवून सांगतात, हा मात्र तळटीपेत. मालकांच्या सोयीचंच आहे म्हणा ते.

पुढे १८७९ ला सिनसिनाटी, १८८१ ला पुन्हा बॉस्टन. एकतिसाव्या वर्षी खेळ आटोपला. बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, जायला दहा हंगाम लागतात, याचे भरतात नऊ. त्यातले नॅशनल लीगच्या आधीचे पाच तर मेजर लीगचे, म्हणजे सर्वोच्च पातळीचे, म्हणून अधिकृतपणे धरलेच जात नाहीत. म्हणजे चार विजेतेपदंही गेली खड्ड्यात.