300 डीपीआयचा हट्ट नको

पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन कसं भरवावं, यावरच्या लेखातला ‘12 मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे फोटो प्रदर्शनात घेऊच नका, 300 डीपीआय (छापताना एका इंचात येणारे पिक्सेल) भरत नाही’ हा सल्ला पटला नाही. 4288 बाय 2848 पिक्सेलची फाईल 12 बाय 18 इंचांवर छापली तर 238 डीपीआय मिळतात. भिंतीवरचा फोटो लोक चार-पाच फुटांवरून बघतात, तिथून फरक कळत नाही. खरा घोळ क्रॉपचा. हतनूरच्या पाणवठ्यावरचं बदक लांब, म्हणून फ्रेमचा फक्त चौथा भाग ठेवला, की त्याच प्रिंटला 119 डीपीआय उरतात आणि पिसांचा लगदा होतो. त्यात सभासद फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवतात, तो आणखी लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर सरळ पेन ड्राईव्ह. आणि लॅमिनेशन मॅटच घ्या. ग्लॉसीवर पक्ष्याऐवजी हॉलची ट्यूबलाईटच दिसते!

त्याच लेखात फोटोखालच्या पट्टीत ‘नेमकं ठिकाण लिहा’ म्हटलंय, तेही सरसकट नको. रानपिंगळा (एक दुर्मीळ घुबड) नामशेष झाला असं धरलं होतं, तो 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. अशा पक्ष्याच्या फोटोखाली ‘यावल अभयारण्य’ किंवा नुसतं ‘सातपुडा’ पुरे. नाला, पाडा, झाड नको, नाहीतर लोक तिथेच गर्दी करतील. घरट्यावरचा फोटो तर निवडूच नये. व्याख्यानानंतर स्लाईडच्या मूळ फाईल वाटणार असाल तर त्यातली जीपीएसची (ठिकाणाची) नोंद आधी काढा, मोबाईलच्या फोटोंत ती बहुधा असतेच.