नुसती पावडर फेकून विहीर शुद्ध होत नाही

पूर आलेल्या सीना नदीकाठच्या गावांसाठी तुमच्या लेखात ‘विहिरीत ब्लीचिंग पावडर टाका’ एवढंच म्हटलंय. पण किती, कशी? आधी पंप लावून गाळ-पाणी उपसा. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतं. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर, पुरानंतर दुप्पट. म्हणजे ६ मीटर व्यासाच्या विहिरीत ५ मीटर पाणी (सुमारे १,४१,००० लिटर) असेल तर ७०० ग्रॅम. बादलीत कालवून दहा मिनिटं ठेवा, चुना तळाशी बसू द्या, वरची निवळीच विहिरीत सोडा. चुना ओतला तर पाणी जड होतं. तासाभराने ओटी चाचणी (पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीन उरलंय का ते बघणं). पिवळा रंग आला नाही तर पुन्हा डोस. आणि मदतीत आलेली पावडरची उघडी, ओलसर पोती? त्यातलं क्लोरीन बहुतेक उडालेलं असतं.